ओरडणारा कोच आणि जिंकणारा संघ

त्या बुटाची गोष्ट फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या मागच्यापुढच्या तारखा मात्र फारसं कुणी तपासत नाही.

१५ फेब्रुवारी २००३. एफए कपच्या पाचव्या फेरीत मँचेस्टर युनायटेड आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आर्सेनलकडून ०-२ असं हरलं. ड्रेसिंग रूममध्ये आल्या आल्या मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी दुसऱ्या गोलचं खापर डेव्हिड बेकहॅमवर फोडलं. बेकहॅमने उलट उत्तर दिलं. फर्ग्युसन यांनी समोर पडलेल्या बुटाला रागाने लाथ मारली आणि तो उडून बेकहॅमच्या भुवईच्या वर लागला. रक्त आलं. पुढे केस मागे बांधलेला, भुवईवर पट्ट्या चिकटवलेला बेकहॅम जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्याच मोसमात युनायटेडने आर्सेनलला मागे टाकून लीग जिंकली.

एवढ्यावरून पुष्कळांनी ठरवून टाकलं की मॅनेजर असावा तर असा, समोर कितीही मोठा खेळाडू असो, त्याची बिनपाण्याने करणारा. आता तारखा पाहू. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये शेवटचं हरलं ते २६ डिसेंबर २००२ ला, मिडल्सब्रोविरुद्ध. त्यानंतर मोसम संपेपर्यंत लीगमध्ये एकही पराभव नाही. म्हणजे घोडदौड सुरू झाली ती बूट उडण्याच्या सात आठवडे आधी. बूट उडाल्यानंतर पंधरा दिवसांनी, २ मार्चला, याच संघाने लीग कपची फायनल लिव्हरपूलविरुद्ध ०-२ अशी गमावली. विजयाचं श्रेय बुटाला द्यायचं, तर हा पराभवही त्याच्याच खात्यावर मांडायला हवा. तो कुणी मांडत नाही.

आपलं मन असा हिशेब का करतं, याचा छडा लागला तो फुटबॉलपासून फार दूर, एका हवाई दलाच्या प्रशिक्षणवर्गात. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांपुढे बोलत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असं त्यांनी सांगितलं. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव नेमका उलटा आहे. एखाद्याने कसरत सुंदर केली आणि मी कौतुक केलं, की पुढच्या वेळी तो बिघडवतो. एखाद्याने घाण केली आणि मी त्याच्यावर खेकसलो, की पुढच्या वेळी तो सुधारतो.

त्या प्रशिक्षकाने पाहिलं होतं ते खरंच होतं, फक्त त्याने लावलेलं कारण चुकीचं होतं. कानेमान यांनी जमिनीवर खडूने एक लक्ष्य आखलं आणि प्रत्येक अधिकाऱ्याला त्याच्याकडे पाठ करून, न बघता, लागोपाठ दोन नाणी फेकायला सांगितली. ज्यांचं पहिलं नाणं लक्ष्याच्या अगदी जवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं लांब गेलं, त्यांचं दुसरं बहुतेक वेळा जवळ आलं. मध्ये ना कुणी शाबासकी दिली होती, ना कुणी दम भरला होता. कोणत्याही कामगिरीत कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी सहसा आपल्या नेहमीच्या पातळीकडे वर येते, फार चांगलीनंतरची खाली येते. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात.

मॅनेजर ओरडतो कधी? संघ त्याच्या लायकीपेक्षा वाईट खेळला असेल तेव्हा. नेमकी तेव्हाच सुधारणेची शक्यता सर्वांत जास्त असते. त्याने आरडाओरडा केला काय आणि गप्प बसून चहा प्यायला काय, संघ थोडा वर यायचाच. पण ज्याने आवाज चढवला, त्याला आयुष्यभर वाटत राहतं की हे आपल्या आवाजाने झालं. अशी पंचवीस-तीस वर्षं गेली की त्या समजुतीला ‘अनुभव’ म्हणतात.

मॅनेजर बदलण्याचंही असंच आहे. संघ हरायला लागला की जुन्याला काढा आणि कडक नवा आणा, हा व्यावसायिक फुटबॉलमधला ठरलेला उपाय. बास तर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. मॅनेजर काढल्यावर निकाल सुधारत होते, हे खरं. पण जे संघ तितकेच घसरले होते आणि तरीही ज्यांनी मॅनेजर काढला नव्हता, तेही तसेच सावरले होते.

मग राग अगदीच निरुपयोगी म्हणायचा का? नाही. इथे मला माझं मत थोडं मागे घ्यावं लागतं, कारण पुरावा तसा आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या बॅरी स्टॉ यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा-कॉलेजांच्या २३ बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकांची मध्यंतरातली ३०४ भाषणं त्यांनी ध्वनिमुद्रित केली, त्यांतल्या रागाची, नाराजीची, निराशेची तीव्रता मोजली आणि ती दुसऱ्या सत्रातल्या गुणांशी ताडून पाहिली. नाराजी वाढत गेली तसा दुसऱ्या सत्रातला खेळ सुधारत गेला, पण एका मर्यादेपर्यंतच. प्रशिक्षक अगदीच भडकला, की आलेख उलटा फिरून खाली येत होता. खेळ वेगळा आणि खेळाडू व्यावसायिक नव्हेत, हे लक्षात ठेवूनही हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षक नाराज आहे हे दिसणं उपयोगी ठरतं, त्याचा तोल सुटलेला दिसणं घातक.

असं का होत असावं? अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाचे खेर्बेन फान क्लेफ सांगतात की नेत्याची भावना ही समोरच्याला मिळालेली माहिती असते. मॅनेजरचा राग सांगतो की तुमचं काम अपुरं पडतंय, आणि ज्याला ही माहिती हवी असते तो कंबर कसतो. पण माणसा-माणसात फरक असतो. ज्यांचा स्वभाव मिळून-मिसळून राहण्याचा आहे, त्यांची कामगिरी रागीट नेत्यापुढे उलट ढासळते, असं त्यांच्या २०१० च्या प्रयोगांत दिसलं. त्यांना कामाची माहिती ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो नुसता तिरस्कार.

शरीराचंही स्वतःचं एक वेळापत्रक असतं. अंगावर कुणी धावून आलं की अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत उसळतं, नाडी वाढते, स्नायू ताठतात. धाव घेण्यासाठी, अंगाला अंग भिडवण्यासाठी हे ठीक. कॉर्टिसॉल मात्र सावकाश चढतं, ताणाच्या प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. म्हणजे सुरुवातीलाच झालेल्या झाडाझडतीचा हा परिणाम खेळाडू मैदानात परतल्यावर शिगेला पोचतो. नेमका तेव्हा त्याला पास कुणाला द्यायचा, जागा कुठे मोकळी आहे, आपला माणूस कुठे निसटतोय हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. भीतीने दृष्टी अरुंद होते, आणि फुटबॉल तर कडेला नजर असणाऱ्यांचा खेळ.

भीतीचा हिशेब पेनल्टी शूटआउटमध्ये उघडा दिसतो. नॉर्वेचे संशोधक गेइर युर्देट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचा अभ्यास केला. गोल झाला तर लगेच सामना जिंकणार, अशा वेळी खेळाडूंनी ९० टक्क्यांहून अधिक पेनल्टी गोलात मारल्या. चुकली तर लगेच सामना हरणार, अशा वेळी हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास घसरलं. चेंडू तोच, अंतर तेच अकरा मीटर. फरक फक्त डोक्यात विजय होता की पराभव, एवढाच.

२५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलच्या मध्यंतराला लिव्हरपूल एसी मिलानविरुद्ध ०-३ असं मागे होतं. कुणाही मॅनेजरचा पारा चढावा अशीच ती वेळ. पण रफाएल बेनितेझ फळ्यापाशी उभे राहून बदल सांगत होते. डिटमार हामानला आत घ्यायचं, मागे तीनच बचावपटू ठेवायचे. जिमी ट्राओरेला बाहेर काढायचं ठरलं होतं, त्याने बूटही काढले होते. एवढ्यात फिजिओने सांगितलं की स्टीव्ह फिनन दुखापतीमुळे पुढे खेळू शकणार नाही. ट्राओरेने बूट पुन्हा चढवले. बाहेर लिव्हरपूलचे प्रेक्षक गात होते आणि बेनितेझ यांनी खेळाडूंना माना खाली घालू नका, असंही सांगितलं. ५४ व्या, ५६ व्या आणि ६० व्या मिनिटाला गोल झाले. मिलानच्या अँड्री शेवचेन्कोचा फटका गोलरेषेवरून परतवला तो याच ट्राओरेने. शूटआउटमध्ये लिव्हरपूल ३-२ असं जिंकलं.

एका रात्रीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हा नियम मलाही लागू आहे. पण त्या पंधरा मिनिटांत खेळाडूंना जे मिळालं ते काम होतं. कोण कुठे उभा राहणार, कुणाला कोण अडवणार.

अमेरिकेतले जॉन वुडन हे कॉलेज बास्केटबॉलचे दंतकथा झालेले प्रशिक्षक, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले. १९७४-७५ च्या मोसमात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांची २,३२६ वाक्यं आणि कृती नोंदवल्या. कौतुक सुमारे ७ टक्के, नाराजी सुमारे ७ टक्के. ७५ टक्के नुसती माहिती होती, म्हणजे काय करायचं, कसं करायचं.

फर्ग्युसन यांचंही चित्र नीट पाहायला हवं. समोरच्याच्या तोंडावर ओरडण्याच्या त्यांच्या पद्धतीला खेळाडूंनीच ‘हेअरड्रायर’ असं नाव दिलं होतं. पण एरिक कँटोनाच्या वाट्याला तो कधी आला नाही, असं त्याच्याबरोबर खेळलेले सांगतात. कुणाला काय पचतं, हे फर्ग्युसन ओळखून होते. हार्वर्डच्या प्राध्यापिका अनिता एल्बर्स यांच्याशी बोलताना ते म्हणाले, नेहमी ओरडून भागत नाही, टीकेने फार थोडे सुधारतात, बहुतेकांना उत्तेजन लागतं. सव्वीस वर्षांहून अधिक काळ आणि ३८ करंडक ज्याच्या नावावर आहेत, तो हे म्हणतो. आपण मात्र त्याचा बूट तेवढा लक्षात ठेवला.

रागाला आधी विश्वासाची जमीन लागते. ब्रायन क्लफ १९७४ मध्ये मॅनेजर म्हणून लीड्स युनायटेडमध्ये आले आणि विजेत्या खेळाडूंना त्यांनी सांगितलं की तुमची पदकं कचऱ्याच्या टोपलीत टाका, ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. ४४ दिवसांत त्यांना जावं लागलं. हेच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपचे विजेते करून गेले. जीभ तिथेही तिखटच होती. पण तिथे पीटर टेलर हा त्यांचा जुना सहकारी सोबत होता, जो लीड्सला आला नव्हता, आणि खेळाडू त्यांनी स्वतः घडवलेले होते.

मॅनेजर जोझे मोरिन्यो यांची गोष्ट मला याहून दुखावणारी वाटते. पोर्टो, चेल्सी, इंटर मिलान, जिथे जिथे ते जिंकले तिथे त्यांचं भांडण मुख्यतः बाहेरच्यांशी असे, पंचांशी, पत्रकारांशी, प्रतिस्पर्ध्यांशी. ऑगस्ट २०१५ मध्ये, चेल्सीला लीग जिंकून देऊन तीन महिने झाले असताना, ते मैदानात धावत गेलेल्या आपल्याच संघाच्या डॉक्टर एवा कार्नेरो यांच्यावर सर्वांसमोर भडकले. डिसेंबरमध्ये सोळा सामन्यांत नऊ पराभव घेऊन चेल्सी सोळाव्या क्रमांकावर होतं आणि मोरिन्यो घरी. एका भांडणाने एवढं सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा तिथला शेवटचा पराभव झाला तो लेस्टर सिटीकडून. लेस्टरचे मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी यांनी खेळाडूंना वचन दिलं होतं की एकही गोल खाल्ला नाही, तर पिझ्झा खिलवीन. त्या मोसमात लीग लेस्टरने जिंकली. पुढच्या मोसमात संघ घसरला आणि रानिएरींनाही काढलं, हेही नोंदवायला हवं. मृदूपणा हाही काही विजयाचा विमा नव्हे.

सतत अपमान करणाऱ्या प्रशिक्षकाचा परिणाम किती काळ टिकतो, हे एरिका कार्लटन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तपासलं. अमेरिकेतल्या एनबीए लीगचे ५७ प्रशिक्षक आणि ६९३ खेळाडू. छळवादी प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळलेल्यांची कामगिरी खालावलेली आणि मैदानावरची आक्रमक गैरवर्तणूक वाढलेली दिसली. संघ बदलल्यावरही ते पुसलं गेलं नाही, पुढच्या कारकिर्दीत सोबत राहिलं.

हे सगळं करोडोंच्या खेळाडूंचं. पण टीव्हीवर रेषेपाशी हातवारे करणारा मॅनेजर पाहून रविवारी सकाळी तोच आवाज दहा वर्षांच्या मुलांवर काढणारे लोक आपल्याकडेही आहेत. कोल्हापुरात, मुंबईत, गोव्यात, कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं. आईबापही त्यात सामील असतात. त्यांच्यासाठी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला, रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांच्या चमूचा १९९२ मधला अभ्यास सांगून थांबतो. मुलांच्या बेसबॉल लीगमधल्या काही प्रशिक्षकांना मोसमाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं, की चांगल्या खेळाची आणि प्रयत्नांची लगेच दखल घ्या आणि चुकल्यावर अपमान न करता कसं करायचं ते सांगा. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे वागू दिलं. पुढच्या वर्षी नेहमीच्या प्रशिक्षकांकडच्या २६ टक्के मुलांनी खेळ सोडला होता, प्रशिक्षण घेतलेल्यांकडच्या ५ टक्के. जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांच्या आकड्यांत दोन्ही गटांत फरक नव्हता.