आधी दाब मोजा, मग पंप बदला

भर दुपारची वेळ. लांबचा पल्ला मारून आलेली एक जुनी स्पोर्ट्‌स कार पेट्रोल भरण्यासाठी थांबते. दहा मिनिटांनी मालक चावी फिरवतो. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन काही केल्या धरत नाही. मालक घामाघूम होतो, बॉनेट उघडून उभा राहतो. अर्ध्या तासाने तो शेवटचा प्रयत्न करतो, आणि काही घडलेच नाही अशा थाटात गाडी चालू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजातही ती पहिल्याच चावीला चालू होते. मालक विचारतो, "उस्ताद, नेमके काय बिघडले आहे?"

या एका प्रश्नाच्या उत्तरावर गॅरेजची कमाई आणि गॅरेजचे नाव दोन्ही अवलंबून असतात. "पंप गेला" हे सर्वांत सोपे उत्तर. पंप बदलला जातो, बिल होते, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात उभी. मग इंजेक्टर, मग कॉम्प्युटर. नब्ज न पाहता नुस्खा लिहिणाऱ्या हकिमाची जी गत होते, तीच अंदाजाने माल बदलणाऱ्या मेकॅनिकची होते. गिऱ्हाईक पैसा गमावते आणि कारागीर विश्वास गमावतो.

आपल्या कोकणातील कितीतरी मुले आखाती देशांतील गॅरेजांत रोजी कमावतात. इंजेक्शन पद्धतीच्या जुन्या गाड्यांवर त्यांचा हात पडतो. म्हणून उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ: जर्मनीची पोर्शे ९४४. ही गाडी १९८२ पासून १९९१ पर्यंत बनली. खाली दिलेली मापे १९८० च्या दशकातील तिच्या अडीच लिटरच्या, आठ व्हाल्व्हच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची आहेत. इतर मॉडेलांची मापे वेगळी असू शकतात. ती त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावीत. तपासण्याची रीत मात्र पुष्कळशा गाड्यांना लागू पडते.

पेट्रोलचा प्रवास

या गाडीत कार्ब्युरेटर नाही. मागे टाकीजवळ विजेचा पंप आहे. तो पेट्रोल फिल्टरमधून पुढे ढकलतो. इंजिनावरील नळीत, जिला फ्युएल रेल म्हणतात, ते दाबाखाली थांबते आणि चार इंजेक्टर ते मोजून आत सोडतात. दाब ठराविक ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. जास्तीचे पेट्रोल तो परतीच्या नळीने टाकीत धाडतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, पण हा सारा हिशेब दाब योग्य आहे असे धरूनच चालतो. दाब कमी झाला की तोलाचा काटाच खोटा झाला.

पंपाला वीज देणारा आहे एक लहानसा रिले, ज्याला डीएमई रिले म्हणतात. एकाच डबीत दोन रिले आहेत: एक कॉम्प्युटरला वीज देतो, दुसरा पंपाला. इंजिन फिरत असल्याचा इशारा फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरकडून मिळाला तरच कॉम्प्युटर पंपाचा रिले ओढतो. अपघातात इंजिन बंद पडले तर पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागील हेतू.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पंप चालत नाही याचा अर्थ पंप बिघडला असा होत नाही. त्याला हुकूमच मिळत नसेल.

चावी फिरवताना डोळे आणि कान

स्टार्टरच मंद फिरत असेल तर प्रथम बॅटरी आणि अर्थिंगची वायर पाहावी. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल तर तिथेच थांबावे. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की व्हाल्व्ह पिस्टनवर आदळतात. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतील रोटर फिरतो की नाही एवढे पाहिले तरी शंका मिटते.

स्टार्टर नीट फिरत असेल तर आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. काटा थोडासा जरी उडाला तरी वेगाचा इशारा पोहोचतो आहे असे समजावे. काटा मेल्यासारखा पडून असेल तर संशय रिलेवर किंवा सेन्सरवर जातो. या गाडीत सेन्सर दोन आहेत, एक वेगाचा आणि दुसरा खुणेचा, आणि दोघांचे प्लग सारखेच. कोणी पूर्वी काम करताना ते अदलाबदल करून लावले असतील तर गाडी चालू होणारच नाही.

रिलेचा दोष तर प्रसिद्धच आहे. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन आतील सोल्डरच्या टाक्यांना केसाएवढी चीर पडते. गरम झाल्यावर चीर फाकते, वीज तुटते; थंड झाल्यावर पुन्हा जुळते. भिंग लावून पाहिले तर टाक्याभोवती बारीक गोल रेघ दिसते. टाका पुन्हा मारता येतो. जुना रिले असेल तर नवाच बसवणे बरे.

खात्रीसाठी रिले काढून त्याच्या सॉकेटमधील ३० आणि ८७बी ही टोके फ्यूज लावलेल्या वायरने जोडावीत. पंपाचा घरघर आवाज आला पाहिजे. ही जोडणी तपासणीपुरतीच. अशी वायर लावून गाडी रस्त्यावर नेऊ नये. अपघात झाला तर पंप पेट्रोल ओतत राहील.

दाबाचा हिशेब

आता प्रेशर गेज. फ्युएल रेलच्या टोकाला झाकणाचा नट आहे, तिथे गेज लावतात. नट सोडताना आतील लहान गोळी हरवू नये. नळीत दाबाखाली पेट्रोल असते, म्हणून इंजिन थंड असावे, खाली फडके धरावे, जवळ आग विझवण्याचा सिलिंडर असावा आणि बिडी-सिगारेट गॅरेजच्या बाहेर. नट सोडताना आणि गेज लावताना बॅटरीचे एक टोक काढलेले असावे. सांधा घट्ट झाल्यावरच ते पुन्हा जोडावे. जुन्या रबरी नळ्या तडकलेल्या दिसल्या तर बाकीचे काम बाजूला ठेवून त्या आधी बदलाव्यात.

इंजिन बंद ठेवून, वरच्या रीतीने पंप चालवला असता गेजवर सुमारे २.५ बार, म्हणजे ३६ पौंड, दाब दिसला पाहिजे. इंजिन आयडलवर चालू असताना व्हॅक्यूममुळे तो २ बारच्या आसपास उतरतो. यापुढे गेज स्वतःच बोलू लागते.

दाब कमी असेल तर परतीची रबरी नळी क्षणभर हलकेच दाबावी. दाब झपाट्याने चढला तर पंप ठीक आहे, दोष रेग्युलेटरचा. चढलाच नाही तर तुंबलेला फिल्टर, टाकीची जाळी किंवा थकलेला पंप. दाब फार जास्त असेल तर रेग्युलेटर अडकला आहे किंवा परतीची वाट बंद आहे. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी; तिच्यात पेट्रोल आढळले तर आतील पडदा फाटला आहे.

पंप बंद केल्यावर दाब बराच वेळ टिकला पाहिजे. तो लगेच घसरला तर तापलेल्या रेलमध्ये पेट्रोलची वाफ होते, आणि गरम इंजिन चालू व्हायला वेळ घेते. गळती कुठे आहे हेही कळते. बंद केल्याबरोबर पंपाकडून येणारी नळी दाबल्यास दाब टिकतो, तर पंपाचा चेक व्हाल्व्ह. परतीची दाबल्यास टिकतो, तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही घसरतो, तर इंजेक्टर ठिबकतो आहे.

दाब ठीक, ठिणगी ठीक, तरी थंड इंजिन धरत नाही, असे असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मोजावा. २० अंशांवर त्याचा रोध साधारण अडीच हजार ओहम असतो. त्याची वायर तुटली तर कॉम्प्युटरला कडाक्याची थंडी वाटते आणि तो प्लग भिजेपर्यंत पेट्रोल सोडतो.

गाडी चालू असेल तर?

आता पहिल्या मालकाकडे वळू. त्याची गाडी गॅरेजात चालू झाली. फाटका रिले आणि घसरणारा दाब, दोघांचेही लक्षण एकच: गरम असताना बंद, थंड झाल्यावर चालू. मग फरक कसा करावा? दाब मोजावा, बंद केल्यावर तो किती वेळ टिकतो ते पाहावे, रिले उघडून टाके तपासावेत. एवढ्यात बहुधा चोर सापडतो. नाहीच सापडला तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. मोजलेले आकडे तारखेसह बिलावर लिहून द्यावेत आणि मालकाला सांगावे, "पुन्हा बंद पडली तर चावी फिरवताना काटा उडतो का पाहा, मागे पंपाचा आवाज येतो का ऐका, आणि मला कळवा." काटा मेलेला आणि पंप मुका असेल तर वीज किंवा इशारा, काटा उडतो, पंप बोलतो, पण बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, तर दाब.

पुष्कळ कारागिरांना वाटते की तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक नाराज होईल, म्हणून ते मालाच्या नफ्यात मजुरी वसूल करतात. अशाने माल बदलण्याचा मोह सुटत नाही. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आधी सांगावी आणि उघडपणे घ्यावी. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. पंप विकून एकदाच नफा मिळतो. दोन टाके मारून गाडी चालू करून देणाऱ्याकडे मात्र तोच मालक दुसरी गाडी घेऊन येतो, आणि येताना मित्रालाही आणतो.

कापड फाडण्याआधी गज लावावा लागतो. एकदा कात्री चालली की माल परत होत नाही. मोटारीच्या कामातही गज आहे. तो पेटीत पडून राहू नये, एवढेच.