दहाची अ‍ॅलन की

कुपवाड एमआयडीसी, सकाळचे नऊ चाळीस. सीएनसी लेथचा हिरवा दिवा पिवळा होतो आणि शेडमधला आवाज एकदम उतरतो. पंपाच्या बिडाच्या कास्टिंगचा एक लॉट संपलाय, आता दुसऱ्या मापाचा जॉब लावायचाय. ऑपरेटर चकवर वाकतो, हात मागं करतो.

"दहाची अ‍ॅलन की कुठाय रं?"

हेल्पर ड्रॉवर उपसतो. पाने, तुटके इन्सर्ट, जुनी चलनं. किल्ली निघते शेजारच्या शेडमध्ये. मग जॉ बसवायचे, टूलचे ऑफसेट घ्यायचे. तेवढ्यात लाइट झटका मारते, स्क्रीन काळी. सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिला पीस मापात उतरतो तेव्हा दहा पंचवीस झालेत. एका पीसला सहा मिनिटं. पंचेचाळीस मिनिटांत सात पीस हातचे गेले.

"बँकेत दुसऱ्या मशीनची फाइल टाकलीय," मालक सांगतात. मला राहवत नाही. म्हणतो, "काका, आधी हे किती वेळ उभं राहतं ते तर लिहा."

मुंबईजवळच्या कापड कारखान्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली छापून आला. नवी यंत्रं कुणी दिली नव्हती. माग का थांबला याची रोज नोंद, सुताच्या साठ्याची मोजदाद, आवरलेली शेड, अशा साध्या सवयी सल्लागारांनी लावल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. वीज हवी, भांडवल हवं, हे खरंच. पण ही किल्ली विजेनं हरवलेली नाही.

सकाळी साताऱ्याहून येताना गाडी किर्लोस्करवाडीवरून गेली. मुंबईच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवून आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. साताऱ्याचा कूपरचा कारखाना १९२२ चा, तोही नांगरापासूनच सुरू झालेला. मोजून, आखून काम करायची रीत या मुलखात शंभर वर्षांपासून आहे. ती या शेडपर्यंत का पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मालकांची भाची, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली, इतका वेळ गप्प उभी आहे. आता ती प्लायवुडचा तुकडा भिंतीशी टेकवते, त्यावर एकेक किल्ली ठेवून भोवती पेन्सिल फिरवते.

"मामा, खिळे आहेत का?"

ऑपरेटर हातातली दहाची तिच्याकडे देतो.