मापांची वही

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा हीं तेथील नांवेंच एकेका धंद्याचा इतिहास सांगतात. त्या पेठेंतील ज्या दुकानीं आमच्या घरचे कपडे तीन पिढ्या शिवले गेले, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. दुकान एक असलें, तरी अशी हकीकत पुष्कळ घरांची असेल.

अमरकोशांत शिंप्यास ‘तुन्नवाय’ व ‘सौचिक’ असे दोन शब्द आहेत. पैकीं दुसरा सूचीवरून, म्हणजे सुईवरून, आला. संत नामदेव (१२७०–१३५०) याच धंद्याच्या घरांत जन्मले. सुई, दोरा व कातर यांचीं रूपकें त्यांच्या वाणींत येतात, आणि त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत समाविष्ट आहेत.

या दुकानाचे मूळ पुरुष हातानें बाराबंद्या व अंगरखे शिवीत. बाराबंदी बंदांनीं बांधावयाची. अंग थोडें भरलें वा उतरलें, तरी बंद सैल किंवा घट्ट केले कीं काम भागे. पुढें गुंड्यांचा कोट आला. त्याचा गळा, मुंढा व खांदा अर्धा बोट चुकला, तरी सारा कोट वाया जाई. तेव्हांपासून दुकानांत मापांची वही आली. सिंगरने अमेरिकेंत १८५१ सालीं ज्या यंत्राचा हक्क नोंदविला, तें शिवणयंत्रही कालांतरानें दुकानीं आलें. त्यानें लांब शिवणीचे कष्ट वांचविले; पण यंत्र कापड जोडतें, बेतीत नाहीं. बेतणें हाताचें व डोळ्याचेंच राहिलें.

त्या वहींत प्रत्येक घरास एक पान असे. आमच्या पानावर आजोबांचा उजवा खांदा उतरता असल्याची खूण होती. शिंपी त्या बाजूस अस्तराखालीं थोडा कापूस भरी. आजोबांस मात्र त्यानें तें कधीं सांगितलें नाहीं. मुलांचे कपडे तो वाढत्या अंगाचे शिवी आणि दुमडींत दोन बोटें कापड राखी.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. आमचे वडील सांगत, त्या दिवशीं दुकानदारानें व त्याच्या भावानें प्रथम गिऱ्हाइकांचें कापड व ती वही माडीवर नेली. दोन्ही यंत्रें चिखलांत गेलीं. पाणी ओसरल्यावर तो दारोदार फिरून ‘तुमचें कापड सुखरूप आहे’ एवढेंच सांगून गेला. आमच्या घराकडे मुंजीच्या कपड्यांची मजुरी थकली होती. तिचा त्यानें उल्लेखही केला नाहीं. ती मागावयास तो पूर्वीं आला असतां आजोबांनीं त्यास ‘दिवाळीनंतर ये’ म्हणून परत धाडिलें होतें. तो वयानें त्यांच्या बरोबरीचा; तरी आमच्या घरीं त्यास ‘अरे-तुरे’च असे, आणि बोलणें उंबऱ्याबाहेरच होई. वडिलांनीं दुसरे दिवशीं पैसे नेऊन दिले. हें सांगतांना त्यांची मान खालीं जाई.

आज दुकानीं चौथी पिढी आहे. तयार कपड्यांनीं बहुतेक गिऱ्हाईक नेलें. २०२० च्या टाळेबंदींत दुकानदारांनीं कापडी मुखपट्ट्या शिवून दिवस काढले. त्यांचे चिरंजीव शिकून नोकरीस लागले, आणि तें योग्यच झालें. गेल्या महिन्यांत आम्ही सदऱ्याचें माप देण्यास गेलों असतां त्यांनीं वही पुढें केली व विचारिलें, “मास्तर, ही आतां कोणाच्या हवालीं करूं?” चाळीस वर्षें मुलांस उत्तरें सांगूनही आम्हांस याचें उत्तर देतां आलें नाहीं.

वाचकांनीं जुनें तेंच सोनें मानावें, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ज्यानें आपल्या घराचें व्यंग झांकून ठेविलें, त्याची मजुरी कपडा हातीं येतांच द्यावी, त्यास ‘अहो’ म्हणावें, आणि मुलांस एकदां तरी अशा दुकानीं नेऊन कापड कसें बेततात तें दाखवावें. आम्ही येत्या रविवारीं नातवास घेऊन जाणार आहों. त्याचें माप आमच्या पानावर, आजोबांच्या मापाखालीं, लिहावयाचें आहे.