संसदेचा ठराव आणि तिबेटचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला प्रश्न विचारला होता. "सर, परदेशातल्या संसदा तिबेटसाठी ठराव करतात. त्यानं ल्हासामध्ये काय फरक पडतो?" वेळ संपत आली होती म्हणून मी "पुढच्या वेळी बोलू" असं सांगून सुटलो. आज ते कर्ज फेडायचं आहे. प्रश्न साधा वाटतो, पण तो शब्दांच्या सामर्थ्याविषयीचा आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही.

सुरुवातीला एक भेद स्पष्ट करून घेऊ. सरकार वेगळं आणि संसद वेगळी. परराष्ट्र धोरण ठरवतं ते सरकार. त्याला व्यापार सांभाळायचा असतो, सीमा सांभाळायच्या असतात. संसद सदस्याला मात्र आपलं मत मांडण्याची जास्त मोकळीक असते. अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये निर्वासित तिबेटी संसदेनं दिल्लीत एक भोजन समारंभ ठेवला होता. आपले काही खासदार त्याला गेले. पक्ष निरनिराळे, काही सत्ताधारी, काही विरोधी. त्यानंतर चिनी दूतावासातून त्यांना नाराजीचं पत्र आलं! आता पहा, एखाद्या जेवणाला काहीच अर्थ नसता तर कुणी पत्र लिहिण्याची तसदी घेतली असती का? ज्याच्यावर आक्षेप घेतला जातो, त्याला काही ना काही वजन असतं. तरुण मित्राच्या प्रश्नाचं हे पहिलं, अर्धवट उत्तर.

आता थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये शिरलं. तिबेटनं संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. हा विषय आमसभेत मांडायला कोण पुढे आलं? एल साल्वाडोर. मध्य अमेरिकेतला एक चिमुकला देश. ज्यांचा तिबेटशी जवळचा संबंध होता, ते ब्रिटन आणि भारत, दोघांनीही विषय पुढे ढकलावा असा सूर लावला आणि तो बाजूला पडला. १९५४ मध्ये आपण चीनशी करार केला आणि त्यात 'चीनचा तिबेट प्रदेश' असे शब्द वापरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यसभेत या धोरणावर कडक टीका केली. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देणं म्हणजे चीनची सीमा आपल्या दाराशी आणून ठेवणं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सरकारनं ते मानलं नाही. पण ते संसदेच्या नोंदीत राहिलं, आणि म्हणूनच आज मी ते तुम्हाला सांगू शकतो. नोंदीचं महत्त्व लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्या वर्षी आयर्लंड आणि मलाया यांनी आमसभेत ठराव आणला. बाजूनं ४५, विरुद्ध ९, तटस्थ २६. भारत तटस्थांमध्ये होता. १९६१ च्या दुसऱ्या ठरावात 'स्वयंनिर्णय' हा शब्द आला. १९६५ च्या तिसऱ्या ठरावाच्या वेळी मात्र भारतानं बाजूनं मत दिलं. त्या वेळी आमसभेत भारताची बाजू मांडली ती आपल्या महाराष्ट्रातल्या रफिक झकेरिया यांनी. मधे १९६२ घडून गेलं होतं, हे सांगायला नकोच.

पुढे काय झालं? १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगच्या सरकारला मिळाली. १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले. तिबेटी गनिमांना अमेरिकेकडून गुप्त मदत मिळत होती, ती याच सुमारास आटली. सरकारांची दारं एकामागून एक बंद झाली. मग तिबेटी नेतृत्व संसदांकडे वळलं. २१ सप्टेंबर १९८७ रोजी दलाई लामांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार गटासमोर पाच कलमी शांतता योजना मांडली. जून १९८८ मध्ये स्ट्रासबुर्गला युरोपीय संसदेच्या सदस्यांसमोर ते एक पाऊल पुढे गेले, किंवा काहींच्या मते एक पाऊल मागे आले. पूर्ण स्वातंत्र्याऐवजी खरीखुरी स्वायत्तता मिळाली तरी चालेल, अशी ती भूमिका होती. पुढे हाच 'मध्यम मार्ग' झाला. दोन्ही भाषणं कुठल्या मंत्रालयात झाली नाहीत. ती लोकप्रतिनिधींसमोर झाली.

आपल्याकडे याची सुरुवात त्याआधीच झाली होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भारतीय खासदारांचा सर्वपक्षीय तिबेट मंच उभा राहिला आणि त्याची धुरा मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे होती. तिबेटसाठी जगभरच्या संसद सदस्यांची पहिली परिषद भरली तीही दिल्लीत, १९९४ मध्ये. मग विल्नियस, वॉशिंग्टन, एडिंबरा, रोम, ओटावा, रिगा, पुन्हा वॉशिंग्टन आणि २०२५ मध्ये टोकियो.

यातली दोन नावं जरा थांबून पहा: विल्नियस आणि रिगा. लिथुआनिया आणि लाटव्हिया. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं हे देश गिळले. पण अमेरिकेनं ते सामिलीकरण कधीच कायदेशीर मानलं नाही. पन्नास वर्षं हा नकार केवळ कागदावर होता. लोक हसत असतील, की कागदानं रणगाडे हटतात का? नाही हटत. पण रणगाडे दुसऱ्या कारणांनी हटले, तेव्हा हे देश नव्यानं जन्मले असं म्हणावं लागलं नाही. ते परत आले, असं म्हणता आलं. शब्द घटना घडवतोच असं नाही. पण घटना घडेल तेव्हा तिला नाव काय द्यायचं, हे शब्द ठरवून ठेवतो.

तिबेटची स्थिती याहून अवघड आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आज जगातलं एकही सरकार तिबेटला स्वतंत्र राष्ट्र मानत नाही. शब्द कसा निसटतो याचं उदाहरण ब्रिटनचं. ब्रिटनची जुनी भूमिका अशी, की तिबेट स्वायत्त आहे आणि चीनचं त्यावर केवळ अधिराजत्व आहे. अधिराजत्व म्हणजे काय? आपल्याकडची संस्थानं आठवा. कोल्हापूर, सांगली. अंतर्गत कारभार राजाचा, वरचा हात इंग्रजांचा. म्हणजे मांडलिकत्व. सार्वभौमत्व ही निराळी गोष्ट, त्यात सगळं त्याचंच. २९ ऑक्टोबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी संसदेत एक लेखी निवेदन ठेवलं, की हा भेद कालबाह्य झाला आहे आणि इतर देशांप्रमाणे आम्हीही तिबेट चीनचा भाग मानतो. बरं, वेळ कोणती? दलाई लामांचे प्रतिनिधी बीजिंगशी चर्चेच्या आठव्या फेरीला बसणार, त्याच्या तोंडावर! जवळपास शंभर वर्षं जपलेला शब्द एका कागदानं सोडून दिला. चर्चेची नववी फेरी जानेवारी २०१० मध्ये झाली, त्यानंतर औपचारिक चर्चाच नाही. मी असं म्हणत नाही, की त्या निवेदनामुळे चर्चा थांबली. पण दुबळ्या बाजूच्या हातात जी थोडी कागदपत्रं असतात, त्यातलं एक गेलं.

आता ठरावांचे प्रकार पाहू, कारण सगळे एका मापाचे नसतात. पहिला प्रकार सहानुभूतीचा. "आम्ही चिंता व्यक्त करतो" वगैरे. याचं मोल थोडं. दुसरा प्रकार साक्षीचा. २०२३ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की सुमारे १० लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांमध्ये आहेत आणि आपल्या भाषेपासून, घरापासून तुटत आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संसदेनं या शाळांविरुद्ध ठराव केला. इथे संसद साक्षीदार होते. तिसरा प्रकार कायद्याचा. अमेरिकेचा २०१८ चा कायदा म्हणतो, की अमेरिकी नागरिकांना तिबेटात जाऊ न देणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांना आम्हीही प्रवेश नाकारू. २०२० चा कायदा म्हणतो, की दलाई लामांच्या उत्तराधिकाराच्या बाबतीत हस्तक्षेप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंध येऊ शकतात. जुलै २०२४ चा कायदा तिबेटचा वाद चर्चेनं सोडवण्यावर भर देतो. पण त्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी हेही स्पष्ट केलं, की तिबेट चीनचा भाग असल्याचं अमेरिकेचं जुनं धोरण बदललेलं नाही. संसद एक बोलते, सरकार लगेच त्याला कुंपण घालतं. दोन्ही एकाच कागदावर वाचायला शिका.

आक्षेप असा, की मोठे देश तिबेटला पत्त्यासारखं वापरतात. खरं आहे. १९७२ मध्ये तो पत्ता त्यांनी खाली टाकला होताच. पण कायदा आणि गुप्त मदत यात फरक आहे. गुप्त मदत एका रात्रीत बंद करता येते, कुणाला पत्ता लागत नाही. कायदा रद्द करायचा तर सभागृहात उभं राहून, नाव नोंदवून रद्द करावा लागतो. शरम वाटण्याची एक जागा तरी उरते.

आणि तिबेटी स्वतः? ते केवळ मागणारे नाहीत. २ सप्टेंबर १९६० रोजी बोधगयेत त्यांच्या निवडून आलेल्या पहिल्या प्रतिनिधींनी शपथ घेतली. देश गमावून दीड वर्ष झालेलं, माणसं रस्त्याच्या कामावर राबत होती, आणि हे लोक मतदान करत होते! आज त्यांच्या संसदेत ४५ सदस्य आहेत. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपवले. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थंडीत आपण रस्त्यावर ज्यांच्याकडून स्वेटर घेतो आणि भाव करतो, ती माणसं या संसदेची मतदार असतात. एका संसदेनं दुसऱ्या संसदेला ओळख देणं, हा या पाठिंब्याचा खरा गाभा मला वाटतो.

हे सगळं आज का सांगायचं? दलाई लामा जुलै २०२५ मध्ये नव्वद वर्षांचे झाले. ही परंपरा पुढे चालेल आणि पुढच्या दलाई लामांना ओळखण्याचा अधिकार आपल्या गादेन फोडरांग न्यासाकडेच राहील, असं त्यांनी जाहीर केलं. चीनचा २००७ चा नियम म्हणतो, की पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी हवी. धर्म न मानणारं सरकार पुनर्जन्माला मंजुरी देणार, या विसंगतीवर हसून सोडून देण्यासारखं नाही. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा तीनच दिवसांत ताब्यात घेतला गेला. त्यानंतर तो जगासमोर आलेला नाही. उद्या दोन दलाई लामा उभे राहिले, तर खरा कोणता हे कोण सांगणार? ते तिबेटी जनतेनंच सांगायचं आहे, कुठल्याच परदेशी संसदेनं नाही. पण तिचं म्हणणं ऐकण्याचं वचन आधीच देऊन ठेवलेले लोक त्या वेळी जगात असायला हवेत. ते वचन नोंदवण्याची जागा म्हणजे संसद.

तर माझ्या तरुण मित्राला उत्तर असं. ठरावानं ल्हासातला एक सैनिकही हलत नाही. पण खोट्याला खरं म्हणण्याची सक्ती जिथे आहे, तिथे बाहेर कुणीतरी खरं लिहून ठेवलंय, एवढं कळणं आतल्या माणसाला पुष्कळ असतं. आणि आपल्यापुरतं काम? ज्या शहरात आपण राहतो तिथल्या खासदाराला विचारावं, की तिबेटवर तुमचं मत काय? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं.