साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’ आणि धर्मांतराचा अर्थ

‘धर्मांतर’ हा शब्द सध्यां राजकारणांत वारंवार ऐकूं येतो. सक्तीच्या धर्मांतरांस आळा घालण्याचे उपाय सुचविण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२५ च्या फेब्रुवारींत पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या वादांत उतरण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वादांतील शब्दाचा अर्थ निश्चित करणें हें संशोधकाचें काम होय. आणि त्यास उपयोगी असें एक प्रकरण साताऱ्यासच घडलेलें आहे.

देशांतर म्हणजे दुसरा देश, तसें धर्मांतर म्हणजे दुसरा धर्म. मूळ समासांत जाण्याची क्रियाच नाहीं. मग ती स्वेच्छेची कीं बळाची, हें दूरच. व्यवहारांत मात्र श्रद्धा, बाप्तिस्मा आणि जातीपासून तुटणें या तीन गोष्टी त्या एका शब्दांत बांधल्या जातात.

रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रांत त्या सुट्या दिसतात. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या व पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें दोघें एकत्र आलीं आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. घर एक, पण निर्णय दोन; त्यांची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे.

१९१७ सालीं टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंतून मुक्त झाले व त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. छत्रपतींच्या राजधानीस दरबार हा शब्द नवा नव्हता. नवी होती ती आंतील व्यवस्था. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथें बंधु मानले गेले. भजन-कीर्तनाची मराठी रीत त्यांनीं टाकली नाहीं. दोन वर्षांच्या आंतच टिळक वारले. परंतु श्रद्धा निराळी आणि समाजांतर निराळें, हा भेद त्यांनीं आचरून दाखविला.

मिशनांचें बरेंचसें कार्य परक्या राज्याच्या छायेंत वाढलें, हें नाकारतां येत नाहीं. तथापि मिशनचा प्रत्येक संबंध म्हणजे धर्मांतर नव्हे. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें; सांगली-मिरजेच्या मधील वानलेसवाडी त्यांचें नांव चालवीत आहे. तेथें औषध घेणारा प्रत्येक रोगी ख्रिस्ती झाला, असें कोण म्हणेल?

टिळक कवि होते, म्हणून त्यांचें वृत्त राहिलें. खेड्यांतील सामान्य ख्रिस्ती कुटुंबाचें मन कळावयाचें तर त्याचे कागदच पाहिले पाहिजेत: बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, भजनांच्या वह्या, बायबलाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले जन्ममृत्यु. मोडी दप्तर धुंडाळणाऱ्या आमच्या मित्रांनीं हींही बाडें उघडावीं, तारखा लावाव्या, नकला कराव्या. मात्र हयात माणसांच्या नोंदी कोणाच्याही वादास पुरवूं नयेत. कागद साक्षीसाठीं जपावयाचा असतो; त्याचें शस्त्र झालें, तर पुढील घर आपली पेटी आपणांस कधींच उघडून दाखविणार नाहीं.