सापाला गोचीड? फवारा खाली ठेवा!

जामसंड्यात आंब्याच्या कलमांत धामण दिसली की आपण आधी मोबाईल काढतो. झूम केल्यावर कधी कधी खवल्यांत करडे दाणे दिसतात. ती गोचीड. लगेच कुणीतरी म्हणतो, ‘कुत्र्याचं औषध आहे घरात, मारूया!’ थांबा दोस्तांनो. कुत्र्याची काही औषधं सापाच्या जिवावर बेततात. रॉकेलही नको. शिवाय देशी साप पकडणं, पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जनावर मलूल वाटलं तर वन विभागाला 1926 वर कळवा.

पुण्या-मुंबईतल्या मित्राकडे नोंदणी केलेला परदेशी बॉल पायथन असेल, तर त्याला छळतात माइट्स, म्हणजे गोचिडीची बारीक भावंडं. डोळ्यांभोवती, हनुवटीखाली काळे ठिपके दिसतात आणि साप तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. माइट्स रक्त पितात सापाचं, पण अंडी घालतात पेटीच्या फटींत. म्हणून नुसता साप धुऊन भागत नाही. पेटी रिकामी करून घासायची, तळाला साधा कागद घालायचा आणि पशुवैद्य सांगेल तेच औषध, सांगेल तितके आठवडे. मधेच सोडलं तर उरलेली अंडी फुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

आणि धामणीची रील? काढा की, पण लांबूनच.