निकाह, वली आणि मोबाइल

मुस्लिम विवाह कायद्याच्या दृष्टीने कराराच्या स्वरूपाचा असतो. इजाब व कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, तसेच सुन्नी परंपरेत दोन साक्षीदार यांनी निकाह सिद्ध होतो. मेहर हा वधूचा हक्क ठरतो. सज्ञान वधूच्या संमतीवाचून हा करार पूर्ण होत नाही. व्यवहारात मात्र स्थळ वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरे आणि वधूची संमती शेवटी, पुष्कळदा तिच्या मौनातून, गृहीत धरली जाई. डिजिटल माध्यमांनी हा क्रम हलविला आहे.

लंडन येथे शहजाद युनुस यांनी २०११ मध्ये 'मझमॅच' हे संकेतस्थळ सुरू केले. २०१५ मध्ये त्याचे ॲप झाले आणि २०२२ पासून ते 'मझ' या नावाने चालते. त्यात स्वतःचे छायाचित्र अंधूक ठेवता येते. इच्छा असल्यास संभाषणाची प्रत वलीकडे, म्हणजे विवाहविषयक पालकाकडे, पाठविता येते. ही सोय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु हनफी मतानुसार सज्ञान स्त्री आपला निकाह स्वतः करू शकते, तर शाफई मतानुसार वली आवश्यक असतो. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई आहेत. त्यामुळे रत्नागिरीच्या मुलीने वलीला संभाषणात घेणे ही पुढील विधीची पूर्वतयारी ठरते. हनफी घरातील मुलीसाठी तो बव्हंशी मर्यादेचा प्रश्न असतो.

आमच्या मते खरा लाभ निराळाच आहे. पूर्वी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने मेहरविषयी बोलणे उद्धटपणाचे मानले जाई. आता पुढील शिक्षण, नोकरी, सासूसासऱ्यांसह राहणे की वेगळे, हे ती आधीच विचारू शकते. ठरलेल्या अटी निकाहनाम्यात लिहून घेता येतात. पत्नीला तलाकचा अधिकार सोपविणारी 'तलाक-ए-तफवीज'ची अटही त्यांत येऊ शकते. तिची माहिती फार थोड्या मुलींना असते, ही खेदाची गोष्ट होय.

याच माध्यमाने जुने भेदही सोयीचे केले आहेत. पंथ, भाषा, व्यवसाय यांनुसार स्थळे गाळता येतात, बिरादरीचा प्रश्न "तुम्ही मूळचे कुठले?" एवढ्या सौम्य शब्दांत येतो. शिवाय पडद्यावरची माहिती ज्याची त्यानेच भरलेली असते. मुलाचा आधी निकाह झाला आहे काय, हे जाणून घेण्यासाठी कोकणात आजही त्याच्या गावच्या जमातीकडे चौकशी केली जाते.